ग्रहण, कॅल्शिअमच्या गोळ्या आणि बाळाचा एमआरआय

नमस्कार मॅडम. मी अंगणवाडी सेविका आहे. मला साडेतीन वर्षांची मुलगी आहे आणि जानेवारीत मुलगा झाला. दिवस पूर्ण भरले होते, तरी वजन फक्त दोन किलो शंभर ग्रॅम, डोकं लहान, अंगावर जांभळट ठिपके आणि कावीळ. दहाव्या दिवशी बाळाची लघवी तपासली, त्यात सीएमव्ही नावाचा विषाणू निघाला. एमआरआयमध्ये मेंदूत कॅल्शिअमचे ठिपके आहेत, पोकळ्या मोठ्या आहेत, घड्या नीट पडलेल्या नाहीत असं लिहिलंय. उजवा कान तपासणीत नापास झाला, डावा पास. तिसऱ्या आठवड्यापासून पातळ औषध सुरू आहे, सहा महिने द्यायला सांगितलंय. मधे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या, तेव्हापासून घरचे औषध बंद करा म्हणतात. सासूबाई म्हणतात, सप्टेंबरातल्या ग्रहणात मी मुलीला सफरचंद कापून दिलं त्याचं हे फळ, आणि कॅल्शिअमच्या गोळ्या खाल्ल्या त्या बाळाच्या मेंदूत साचल्या. मिस्टर म्हणतात, मुलीच्या वेळी टॉर्च तपासणीत सीएमव्हीचं आयजीजी पॉझिटिव्ह होतं, डॉक्टर काळजी करू नका म्हणाले, पण तेव्हाच इलाज केला असता तर? पुण्यात झिका आला होता, तो तर नसेल ना, असंही त्यांना वाटतं. जाऊबाईंना चौथा महिना आहे, त्यांना आमच्या खोलीत येऊ देत नाहीत. हा आजार मी अंगणवाडीतून आणला का? बाळ चालेल का, बोलेल का? पुढचं मूल होऊ द्यावं का? रात्री बाळ झोपतं, पण मला झोप लागत नाही. कृपया नाव छापू नका.

प्रिय ताई,

तुमच्या प्रश्नांपैकी एकाचं उत्तर एका शब्दात देता येतं, म्हणून ते आधी देते. बाळाला हे तुमच्यामुळे झालं का? नाही. बाकीच्या उत्तरांना वेळ लागेल. बाळ झोपलं की वाचा, आणि जमलं तर मिस्टरांना शेजारी बसवून वाचा, कारण यातलं बरंचसं त्यांच्यासाठीही आहे.

सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस. नाव अवघड, पण हा विषाणू आपल्या घराघरांत आहे. कांजिण्यांच्या विषाणूच्याच कुळातला. लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून तो पसरतो, मोठ्या माणसाला झाला तर बहुतेक वेळा साधी कणकण येते किंवा काहीच होत नाही, आणि एकदा शरीरात शिरला की जन्मभर आत निजून राहतो. आपल्या देशात गरोदर बायकांचं रक्त तपासलं, तर दहापैकी नऊहून अधिक जणींना तो कधी ना कधी होऊन गेल्याची खूण सापडते. म्हणजे तुम्ही, मी, तुमच्या सासूबाई, जाऊबाई, सगळ्याच. आईच्या पोटातून बाळाला होणाऱ्या संसर्गांमध्ये जगात सगळ्यात जास्त आढळणारा हाच आहे. साधारण दर शंभर ते दोनशे बाळांमागे एक बाळ तो घेऊन जन्माला येतं. त्यातल्या दहापैकी नऊ बाळांना जन्मतः काहीच दिसत नाही. तुमचं बाळ उरलेल्या एकात आलं. का आलं, याचं कारण आईच्या वागण्यात शोधून सापडत नाही.

आता एमआरआय. त्या कागदावरच्या शब्दांनी तुमच्या घरात सगळ्यात जास्त गोंधळ घातलाय, म्हणून इथे जरा थांबते.

बाळाचा मेंदू तयार होताना त्याच्या पेशी मेंदूच्या मधोमध, पाण्याने भरलेल्या पोकळ्यांच्या भिंतीलगत जन्माला येतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात त्या तिथून निघून बाहेरच्या थराकडे सरकतात आणि आपापल्या जागी बसतात. पुढे हा थर वाढत गेला की त्याला घड्या पडतात. सीएमव्हीला नेमकी ती भिंत आवडते. तो वारेतून पार होऊन तिथे पोचला, की नव्या पेशी मरतात, काही अर्ध्या वाटेत अडकतात. पेशी कमी पडल्या म्हणून मेंदू लहान राहतो आणि कवटी मेंदूच्या मापानेच वाढते, म्हणून डोकं लहान. मधली जागा रिकामी राहते, म्हणून पोकळ्या मोठ्या. पेशी नीट पोचल्या नाहीत, म्हणून घड्या बिघडलेल्या. आणि जिथे पेशी मेल्या तिथे, जखमेवर खपली धरावी तसा, कॅल्शिअमचा अंश धरतो. ते ठिपके म्हणजे झालेल्या इजेच्या खुणा आहेत. ते खडे नाहीत, वाढत जाणार नाहीत, आणि आईने कॅल्शिअमच्या गोळ्या मुळीच घेतल्या नसत्या तरी ते तिथेच उमटले असते. क्षयरोगात फुप्फुसातली जुनी जखम भरताना तिथेही असाच कॅल्शिअम धरतो. तिथे गोळ्यांना कोणी दोष देत नाही.

या गोळ्यांबद्दल तुम्हाला वेगळं सांगायची गरज नसावी. चौथ्या महिन्यापासून रोज दोन, आणि बाळंतपणानंतर सहा महिने, हे तुम्ही स्वतः इतर बायकांना सांगत आला असाल. पत्राचा सूर बघून मला शंका येते की बोलणी ऐकून तुम्ही त्या बंद केल्या असाव्यात. तसं असेल तर आजपासून पुन्हा सुरू करा. बाळ तुमच्या अंगावर पितंय, तुमच्या हाडांना त्या हव्या आहेत. आणि कोणी ‘आईच्या दुधातून विषाणू जातो, दूध तोड’ म्हणालं, तर तोडू नका. दुधातून सीएमव्ही जातो हे खरं आहे, पण तुमच्या बाळाला तो पोटातच झालेला आहे. दिवस पूर्ण भरून जन्मलेल्या अशा बाळाला आईचं दूधच द्यायचं.

ग्रहणाचं. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीचं खग्रास चंद्रग्रहण सगळ्या भारतातून दिसलं. त्या रात्री देशात कोट्यवधी बायका गरोदर होत्या. कोणी पाणी प्यायल्या, कोणी ड्यूटीवर होत्या, कोणी बाळंत होत होत्या आणि त्यांच्या शेजारी नर्स कात्रीने नाळ कापत होत्या. चंद्रावर पृथ्वीची सावली पडल्याने गर्भाच्या मेंदूतल्या पेशी मरत नाहीत. बाळाच्या लघवीत जे सापडलंय त्याला नाव आहे, प्रयोगशाळेत ते मोजता येतं आणि त्यावर औषध आहे. आजाराचं खरं कारण हाती आलेलं असताना खोटं कारण घरात ठेवू नये. ते फुकट राहत नाही, रोज तुमच्याकडून त्याचं भाडं वसूल होतं.

तरीही सासूबाईंवर तुटून पडू नका, असं मला मनापासून वाटतं. नातवाचं डोकं लहान का, हा प्रश्न त्यांनाही झोपू देत नसणार. त्यांच्या पिढीला कोणी डॉक्टरने समोर बसवून कधी काही समजावलं नाही, ग्रहणाचं मात्र सगळ्यांनी सांगितलं. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या. एमआरआयची फिल्म उजेडावर धरून डॉक्टरांना त्यांनाच समजावून सांगायला लावा. आणि हे काम तुम्ही करायचं नाही, तुमच्या मिस्टरांनी करायचं. आईने बायकोला बोल लावल्यावर मुलगा गप्प बसला, की त्या गप्प बसण्याचा अर्थ घरातले सगळे होकार असाच घेतात. भाऊ, हे तुम्ही वाचत असाल तर आजच आईला सांगा की असं पुन्हा बोलायचं नाही. रागावून नको, पण सगळ्यांसमोर.

तुमच्या दुसऱ्या शंकेचं आता. पहिल्या खेपेची टॉर्च तपासणी. या तपासणीने आपल्याकडे जितक्या बायकांना विनाकारण रडवलंय तितकं क्वचितच दुसऱ्या कुठल्या तपासणीने रडवलं असेल. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सीएमव्ही, हर्पिस यांची इंग्रजी आद्याक्षरं जोडून हे नाव बनलं. त्यात दोन प्रकारचे आकडे येतात. आयजीजी म्हणजे हा विषाणू पूर्वी कधीतरी होऊन गेल्याची खूण. आयजीएम म्हणजे बहुधा अलीकडे झाल्याची, पण तीही खोटी निघू शकते आणि कित्येक महिने रेंगाळू शकते. तुमचं आयजीजी पॉझिटिव्ह होतं, म्हणजे तुम्ही त्या दहातल्या नऊ जणींपैकी एक होता. तेव्हा कुठलाही इलाज करण्यासारखं काही नव्हतं आणि तुमच्या डॉक्टरांनी काळजी करू नका म्हटलं ते योग्यच होतं. आत निजलेला विषाणू मुळासकट काढून टाकणारं औषध आजही नाही. मग या वेळी काय झालं? एक तर तो आतल्या आत जागा झाला, किंवा त्याच विषाणूची थोडी वेगळी जात नव्याने आली. आईला आधी होऊन गेलेला असला तर बाळाला धोका पुष्कळ कमी होतो, पण शून्य होत नाही. आपल्या देशात जवळजवळ सगळ्याच आया आधी बाधित असतात, त्यामुळे अशी बाळं इथे बहुतेक अशाच आयांच्या पोटी येतात. या बायकांना गरोदरपणात ताप येत नाही, पुरळ येत नाही, काही कळत नाही.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत का दिसलं नाही, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पुढे कोणीतरी विचारेलच. त्या वयात बाळाच्या मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीतच असतो, घड्या त्यानंतर पडतात. ज्या अजून पडायच्याच आहेत त्या बिघडल्यात हे दिसणार कसं? डोक्याचा घेर मागे पडणं, पोकळ्या मोठ्या होणं हे कित्येकदा सातव्या-आठव्या महिन्यात लक्षात येतं.

झिकाची भीती मिस्टरांना वाटणं साहजिक आहे. २०१५ मध्ये ब्राझीलच्या ईशान्य भागात लहान डोक्याची बाळं एकामागून एक जन्मू लागली, तेव्हा डासांतून पसरणारा हा विषाणू जगाला माहीत झाला. आपल्या राज्यात २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला पहिला रुग्ण सापडला आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात शंभराहून अधिक जणांना लागण झाली, त्यात गरोदर बायका बऱ्याच होत्या. पण तुमच्या बाळाच्या बाबतीत कारण सापडलेलं आहे. दहाव्या दिवशीच लघवी तपासली गेली हे फार चांगलं झालं. पहिल्या तीन आठवड्यांत सापडला तर तो पोटातूनच आला असं खात्रीने म्हणता येतं, नंतर सापडला तर बाहेर लागण झाली की आत, हे ठरवणं कठीण होतं. ज्या डॉक्टरांनी ही तपासणी वेळेवर सुचवली त्यांना धरून राहा. दुसरं कारण शोधत फिरण्यात पैसे घालवू नका.

अंगणवाडीतून आणला का? घरातली मुलगी, बसमधलं शेजारचं मूल, नवरा, अंगणवाडी किंवा स्वतःच्याच शरीरात निजलेला विषाणू, यातलं कुठलंही असू शकतं आणि कुठलं ते आता शोधून काढता येत नाही. लहान मुलांच्या सहवासात असणाऱ्यांना हा संसर्ग जास्त होतो हे खरं, पण लहान मुलांच्या सहवासात तर प्रत्येक आई असते. एक मात्र जपा. ‘मोठीकडून आला असेल’ असं वाक्य घरात कोणीही, कधीही उच्चारू नये. साडेतीन वर्षांच्या मुलीला कळत नाही असं समजू नका. कळतं, आणि ती ते मनात ठेवून वाढते.

आता औषध. हे मी सगळ्यात जास्त गांभीर्याने लिहितेय. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर, म्हणजे बाळाचं ते पातळ औषध, घरच्यांच्या सांगण्यावरून बंद करू नका. पांढऱ्या पेशी कमी होणं हा या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत. म्हणूनच सुरुवातीला दर आठवड्याला आणि मग महिन्याला रक्त तपासायला सांगतात. पेशी फार उतरल्या तर डॉक्टर काही दिवस थांबवतात किंवा प्रमाण बदलतात आणि पुन्हा सुरू करतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा आठवडे आणि सहा महिने औषध दिलेल्या बाळांची तुलना केली होती. दोन वर्षांच्या वयात सहा महिनेवाल्यांचं ऐकणं आणि भाषेची समज काहीशी सरस निघाली. फरक मोठा नाही, आणि आधीच झालेली इजा हे औषध भरून काढत नाही. पण कान वाचवण्याच्या दृष्टीने तो थोडा फरकसुद्धा सोडून देण्यासारखा नाही. बाळाचं वजन वाढेल तसा डोस बदलायचा असतो, म्हणून प्रत्येक भेटीत वजन करून डोस नव्याने लिहून घ्या. मधे ताप आला तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि नेहमीच्या लसी वेळच्या वेळी द्या. आजारी बाळाला लस नको असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, हे तुम्हाला तर ठाऊकच आहे.

याच औषधातून जाऊबाईंच्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. घरच्यांनी त्यांना बाळापासून दूर ठेवलंय, पण त्यांनी खरं दूर राहायला हवं ते त्या बाटलीपासून. हे औषध गर्भाला घातक ठरू शकतं, म्हणून गरोदर बाईने ते मोजू नये, सांडलेलं पुसू नये, सिरिंज धुऊ नये. तुम्हीही देताना हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. बाळाबद्दल म्हणाल, तर त्याच्या लाळेत आणि लघवीत विषाणू आहे आणि पुढची काही वर्षं येत-जात राहील, हे मी लपवणार नाही. पण तो हवेतून उडत नाही. बाळाला मांडीवर घेतल्याने, खेळवल्याने, एका खोलीत झोपल्याने तो लागत नाही. जाऊबाईंनी लंगोट बदलू नये, बदललाच तर साबणाने नीट हात धुवावेत, ओठांवर पापा घेऊ नये, कपाळावर घ्यावा. एवढं पुरे. खरं सांगायचं तर त्यांना गावातल्या कुठल्याही धडधाकट दोन वर्षांच्या पोरापासून असलेला धोका तुमच्या बाळाइतकाच आहे. पोरांची नाकं-तोंडं पदराने पुसून तोच पदर स्वतःच्या तोंडाला लावणं, मुलाचा चमचा आपल्या तोंडात घालून बघणं, ताटातला उरलेला उष्टा वरणभात टाकवत नाही म्हणून आईने संपवणं, हे आपण सगळ्या करतो. गरोदरपणात तेवढं थांबवायचं. तुमची मोठी मुलगी काकूच्या ताटात जेवत असेल तर तिचं ताट वेगळं वाढा. बाळाची खोली मात्र बंद ठेवू नका. चार महिन्यांच्या बाळाला माणसांचे चेहरे दिसायला हवेत, आणि या बाळाला ते इतर कोणाहीपेक्षा जास्त हवेत.

चालेल का, बोलेल का? ताई, जन्मतः डोकं लहान आणि एमआरआयमध्ये घड्या बिघडलेल्या, असं असताना वाढ मागे पडण्याची शक्यता मोठी आहे. हातापायांत ताठरपणा येऊ शकतो, फिट येऊ शकतात, शिकणं संथ असू शकतं. हे मी गोड करून सांगत नाही, कारण तुम्ही ते वाचलेलं आहे आणि खोटा धीर तुम्हाला लगेच कळेल. पण किती मागे, हे चौथ्या महिन्यात एमआरआय बघून कोणीही सांगू शकत नाही. सारख्याच दिसणाऱ्या फिल्मची दोन मुलं चार वर्षांनी अगदी वेगळ्या ठिकाणी असू शकतात. ‘काही होणार नाही’ म्हणणारा आणि ‘याच्यात काही राम नाही’ म्हणणारा, दोघांकडे पुन्हा जाऊ नका.

कानाचं मात्र आत्ताच बरंच काही करता येतं. डावा कान पास झाला म्हणून निश्चिंत होऊ नका. सीएमव्हीमुळे येणारा बहिरेपणा हळूहळू, वर्षा-दोन वर्षांनीही येतो, आणि आज चांगला असलेला कानही उतरू शकतो. म्हणून बेरा ही ऐकण्याची तपासणी पहिल्या वर्षात दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतरही शाळेच्या वयापर्यंत नियमित करत राहायची. कानाचं मशीन इतक्या लहान बाळालाही बसतं. दोन्ही कान गेलेच तर वर्षाच्या आसपास कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या यंत्राचा, विचार होतो. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना ठरावीक उत्पन्नाच्या आत दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून ते मिळू शकतं. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत याची माहिती मिळते. डोळ्यांचा पडदाही एकदा तपासून घ्या.

फिटबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. झोपेतून उठल्यावर बाळ एकदम दचकल्यासारखं पुढे वाकतंय, हात पसरतंय, सैल पडतंय, पुन्हा तेच, असं ओळीने पाच-दहा वेळा होत असेल, तर ‘नजर लागली, दचकतंय’ म्हणून मीठ-मोहरी ओवाळत बसू नका. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. या प्रकारच्या झटक्यांवर लवकर उपचार झाले तर मेंदूचं पुढचं नुकसान टळू शकतं.

मालिश सासूबाईंना करू द्या. त्यांच्या हाताला जे वळण आहे ते आपल्याला नाही. फक्त डोकं दाबून गोल किंवा मोठं करायचा प्रयत्न नको, कवटी दाबून वाढत नाही. आणि नाका-कानात तेल नको. फिजिओथेरपीवाल्यांनी दाखवलेले व्यायाम त्यांनाच शिकवा. मेंदू वाढवणारी टॉनिकं आणि स्टेम सेलची इंजेक्शनं विकणारे तुम्हाला शोधत येतील, त्यांच्यापासून पैसा वाचवा. अशा बाळांच्या मेंदूसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, आणि आयसीएमआरच्या नियमांप्रमाणे तो रीतसर चाचणीबाहेर पैसे घेऊन देणंही योग्य नाही.

तुमच्या अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायला जे पथक येतं, ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. २०१३ साली पालघरहून सुरू झालेला हा कार्यक्रम. आजवर तुम्ही दुसऱ्यांची मुलं त्यांच्यापुढे उभी केलीत, आता स्वतःच्या बाळाचं नाव लिहा. त्यातूनच जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मिळते. तिथे फिजिओ, श्रवणतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ एका जागी भेटतात आणि पैसे लागत नाहीत. पुढे दिव्यांग प्रमाणपत्र काढायची वेळ आली तर लाज वाटून टाळू नका. सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि तिच्यात थेरपीचा खर्चही धरतात. प्रमाणपत्राशिवाय ती मिळत नाही.

पुढचं मूल होऊ द्यावं का, हा निर्णय तुमचा दोघांचा. वैद्यकीय उत्तर सोपं आहे. हेच पुन्हा होण्याची शक्यता फार कमी आहे, आणि या एका कारणासाठी घाबरून थांबायची गरज नाही. घाई मात्र करू नका. बाळाचं औषध संपू द्या, पहिलं वर्ष जाऊ द्या, तुमचं रक्त भरू द्या. दिवस राहण्याआधी रुबेलाची लस झाली आहे का ते बघा, नसेल तर घ्या आणि त्यानंतर एक महिना थांबा. रुबेलानेही बाळाचा मेंदू, डोळे, हृदय, कान बिघडतात आणि त्यावर लस आहे, सीएमव्हीवर अजून नाही. दर महिन्याला टॉर्च तपासणी करत बसू नका. पुढच्या खेपेला सातव्या-आठव्या महिन्यात एक सोनोग्राफी नीट बघून करून घ्या, तुमच्याच मनाला स्वस्थता मिळेल.

रुबेलावरून एक आठवलं ते सांगते. आईला झालेल्या रुबेलासारख्या साध्या विषाणूमुळे बाळ आत बिघडू शकतं हे १९४१ पर्यंत डॉक्टरांना माहीत नव्हतं. सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे त्या वर्षी जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक येऊ लागली. त्यांनी आयांना विचारलं, आणि जवळजवळ प्रत्येकीला गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेल्याचं निघालं. त्यांच्या म्हणण्यावर अनेकांनी विश्वास ठेवला नाही, पण ते खरं निघालं, आणि आज आपल्या लसीकरणाच्या कार्डावर नवव्या महिन्याला जी गोवर-रुबेलाची एमआर लस लिहिलेली असते तिची गोष्ट तिथून सुरू होते. त्या आयांना कोणी दोष दिला नाही, विचारलं आणि ऐकून घेतलं, म्हणून हे कळलं. तुम्हालाही कोणीतरी आधी नीट ऐकून घ्यायला हवं होतं.

झोपेचं शेवटी लिहिलंत, मीही शेवटी ठेवलं, पण ते कमी महत्त्वाचं म्हणून नाही. बाळ झोपल्यावरही झोप न लागणं, सतत मीच कारण आहे असं वाटणं, हे बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं लक्षण असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आज रात्री झोप आली नाही तर फोन करा. स्वतःला किंवा बाळाला काही करून घ्यावं असं एकदाही मनात आलं, तर मिस्टरांना उठवा आणि त्याच रात्री दवाखान्यात जा. आणि रात्रीचं एक दूध झाल्यावर बाळाला घेऊन बसायची पाळी मिस्टरांकडे द्या, म्हणजे तुम्हाला सलग चार तास तरी मिळतील.

तुमची रजा संपत आली असेल. कामावर परत जायला हरकत नाही, अंगणवाडी सोडायचं काही कारण नाही. थेरपीचा वार ठरला की तो तुमच्या पर्यवेक्षिकेला आधीच सांगून ठेवा. पुढच्या बेराचा निकाल आला की मला कळवा, दोन्ही कानांचे आकडे लिहून पाठवा.